चिखली ते ह्यूस्टन : एका मेक्सिकन दावतीची गोष्ट

परदेशी मुलांकडे जाऊन आलेल्या आपल्या घरांतल्या कोणत्याही आईला विचारा, तिथे सर्वांत अवघड काय गेले? थंडीचे नाव ती घेणार नाही, भाषेचेही नाही. ती म्हणेल, बाहेर जेवायला जाणे. चारचौघे हसतखेळत बसलेले असतात, हातात मेनूकार्ड येते आणि आपल्या मनात एकच सवाल घोळत राहतो : यात काय काय आहे, आणि गोश्त कुठून आले आहे? विचारावे तर यजमानाला वाईट वाटेल, न विचारावे तर घास घशाखाली उतरत नाही.

माझा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराला लागून असलेल्या शुगर लँडला राहतो. आम्ही दोघे नवरा-बायको चिखलीचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, आणि हे शेती पाहतात. सोयाबीन, त्यात तूर, आणि विहिरीला पाणी असले तर रब्बीला मका. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर गाव सोडून निघायचे म्हणजे यांच्या जिवावर आले होते. विमानात बसेपर्यंत भावाला फोन चालू होते.

ह्यूस्टनला मेक्सिकन जेवण म्हणजे काही परदेशी अप्रूप नव्हे. टेक्सास 1836 पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता, 1845 मध्ये तो अमेरिकेत सामील झाला. आजही ह्यूस्टन शहरात दर 100 माणसांमागे 40 हून अधिक स्पॅनिश भाषक मुळांची आहेत. आपल्याकडे शेगावच्या स्टेशनवर गाडी थांबली की जसा कचोरीचा वास येतो, तसा तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर भाजत्या मक्याच्या रोट्यांचा वास येतो. (ती कचोरीसुद्धा फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने शेगावला आणली. आज तिला कोणी पंजाबी म्हणून दाखवावे!)

हलाल गोश्ताची तिथे टंचाई आहे असेही नाही. जबीहाची दुकाने आहेत, हलाल बर्गर मिळतो, आणि हलाल गोश्त वापरणारी काही मेक्सिकन हॉटेलेही आता झाली आहेत. ह्यूस्टनमध्ये तर 2016 पासून स्पॅनिश बोलणाऱ्या मुस्लिमांचे ‘सेंट्रो इस्लामिको’ आहे. अहले किताबच्या हातचे गोश्त चालते की जबीहाच हवे, यावर तिथल्या मशिदींमध्ये भरपूर चर्चा होते. त्या वादात मी इथे शिरत नाही. माझ्या मुलाच्या घरात जबीहाच येते आणि बाहेरही तोच नियम, एवढे पुरे.

मुलाच्या कंपनीत मेक्सिकोचा एक सहकारी आहे. युकातान प्रांतातल्या मेरिदा शहराजवळचा. त्याचेही आईवडील तेव्हा गावाकडून आलेले होते. तो म्हणाला, तुझे आईवडील आणि माझे आईवडील एका टेबलावर बसलेच पाहिजेत, आणि जेवण माझ्याकडून. त्याने ठरवलेल्या हॉटेलात दारू मिळत नव्हती. आम्ही पीत नाही, डुकराचे मांस खात नाही, एवढे त्याला ठाऊक होते आणि त्याने मुद्दाम तशी जागा निवडली होती. तरीही आमचा मुलगा दोन दिवस घुटमळत होता. शेवटी म्हणाला, “अम्मी, अब्बांची तब्येत ठीक नाही असे सांगून टाकतो.”

हे शेजारच्या खोलीतून बाहेर आले. “माझ्या तब्येतीला काय झालंय? दावत आहे, जायचं. आणि जे विचारायचं ते विचारायचं. पूछ लेने में शर्म कैसी?”

मग सुनेने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितले की तिच्या नवऱ्याने ऑफिसात पाच वर्षांपासून आपण शाकाहारी आहोत असे सांगून ठेवले आहे. एकदा सांगितले की पुन्हा कोणी काही विचारत नाही, सोपे पडते. मला हसू यायला हवे होते, आले नाही. बकरीदला ज्याच्या हातून मोहल्ल्यात वाटे पोहोचवले जायचे, ज्याला पाया शिजत असला की अभ्यास सुचत नसे, तो माझा मुलगा पाच वर्षे डाळ-भात खाणारा म्हणून वावरत होता. खोटे बोलण्याइतके भ्यायचे कारण काय होते? सून म्हणाली, “भ्यायचं नाही हो अम्मी. दरवेळी समजावून सांगायचा कंटाळा.”

शनिवारी संध्याकाळी असरची नमाज घरी पढून आम्ही निघालो. बरोबर मुलाचे मित्र, खामगावचे एक जैन कुटुंब होते. तेही त्या सहकाऱ्याच्या ओळखीचे. परदेशात गाठ पडली की चिखली-खामगाव हे एकच गाव होऊन जाते. खामगावच्या भाभींनी पर्समध्ये खाकऱ्याचा डबा घेतला होता. त्या कांदा-लसूण खात नाहीत. मेक्सिकन स्वयंपाकात या दोन गोष्टींवाचून चूल पेटत नाही, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होते.

हॉटेल छोटे, घरगुती. वाढणारी मुलगी आली आणि आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत खामगावच्या भाभींनीच विचारले, “मांतेका आहे का?” मांतेका म्हणजे डुकराची चरबी. मी मनातल्या मनात भाभींना दुवा दिली. आमचा जो पहिला सवाल, तोच त्यांचाही पहिला सवाल होता.

मेक्सिकन हॉटेलात जाण्याचा प्रसंग आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या मुलाबाळांवर येतो, म्हणून त्या संध्याकाळी कळलेले जरा सविस्तर सांगते. धोका दिसतो तिथे नसतो. गोश्त तर आपण टाळतोच. पण घोटून परतलेला राजमा शाकाहारी दिसतो आणि त्याला पुष्कळदा मांतेकाची फोडणी असते. मैद्याच्या मऊ रोटीतही ती मळलेली असू शकते. मक्याच्या रोटीत सहसा नसते. लालसर भात निरुपद्रवी वाटतो, तो बहुतेक ठिकाणी कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. मासा आपल्याला हलालच, पण तळलेल्या माशाच्या पिठात काही ठिकाणी बिअर घालतात. मक्याचे कुरकुरे तुकडे कोणत्या तेलात तळले, त्यात आधी काय तळले होते, हेही विचारावे लागते. तीन दुधांचा म्हणून प्रसिद्ध असलेला केक असतो, त्यात कधी कधी रम असते. मुलीने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शांतपणे दिले, दोनदा आत जाऊन विचारून आली. तिच्या कपाळावर आठी नव्हती. असे विचारणारे तिच्याकडे रोज येत असावेत.

शेवटी टेबलावर आले ते असे : साध्या पाण्यात शिजवलेला अख्खा राजमा, मक्याच्या गरम रोट्या, वेगळ्या तव्यावर भाजलेला मासा, अव्होकाडो ठेचून केलेली चटणी, आणि हिरव्या पट्ट्यांची एक भाजी. भात आम्ही परत पाठवला.

ती हिरवी भाजी यांनी तोंडात घातली आणि थबकले. “हे काय आहे?” सहकाऱ्याच्या वडिलांनी हाताने काटे दाखवले. फड्या निवडुंग! आपल्याकडे बांधावर कुंपण म्हणून लावायचे, शेळ्यासुद्धा ज्याच्या वाटेला जायच्या नाहीत, तोच निवडुंग. काटे सोलून, कापून, भाजून. चव थोडी आंबूस, थोडी भेंडीसारखी बुळबुळीत. निवडुंग मुळात मेक्सिकोकडचाच, तिथून तो आपल्या बांधावर आला. हे म्हणाले, “आपण पन्नास वर्षं कुंपणाला जेवण बांधून ठेवलं होतं.” मुलाने ते स्पॅनिशमध्ये सांगितले तेव्हा म्हातारबाबा टेबलावर हात आपटून हसले.

त्यानंतर दोन शेतकऱ्यांना आम्हा कोणाची गरज उरली नाही. मुले मध्ये बसून भाषांतर करत होती एवढेच. त्यांच्याकडे मका, वेलाचा घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावतात. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात, तण उगवू देत नाहीत. या शेताला ते मिल्पा म्हणतात. यांनी नॅपकिनवर सोयाबीन-तुरीच्या ओळी काढून दाखवल्या. म्हातारबाबांनी जमिनीबद्दल विचारले. काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी, खाली काळा खडक. त्यांची जमीन उलटी : वीतभर माती आणि खाली सगळा चुनखडक, नद्या जमिनीवर दिसतच नाहीत, पाणी भुयारातून वाहते आणि जागोजागी खोल गोल डोहांत उघडे पडते.

इथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. उल्का पडून झालेले लोणारचे सरोवर आमच्या जिल्ह्यात आहे; खडकात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा, त्यात खारे पाणी. शाळेच्या किती सहली मी तिथे नेल्या असतील. ते सांगताच सहकारी म्हणाला, आमच्याकडे त्याचा थोरला भाऊ आहे. युकातानच्या किनाऱ्यावर चिक्षुलूब येथे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी अशनी आदळला, डायनोसॉर संपले ते त्याच काळात. तो खड्डा सुमारे 180 किलोमीटर रुंद, आज जमिनीखाली गाडलेला. पण त्यांचे ते गोल डोह त्याच्या कडेनेच ओळीने उमटलेले आहेत. आणि साधारण त्याच काळात आपल्या दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता, ज्याचा हा आपला काळा खडक. नातू डायनोसॉरचे नाव ऐकून राजमा विसरला.

प्यायला त्यांनी दोन सरबते मागवली होती. एक चिंचेचे. त्याचे स्पॅनिश नाव तामारिंदो, म्हणजे अरबीतले तमर-हिंदी, हिंदुस्थानी खजूर. दुसरे गर्द लाल. मी घोट घेतला आणि ओळखले : अंबाडीच्या बोंडांचे सरबत! अंबाडीची भाजी भाकरीशी खाणाऱ्या बाईला ती चव लपणार कशी? तिथे त्याला खमायका म्हणतात.

मग शब्दांचाच खेळ सुरू झाला. तांदळाला अर्रोस, अरबी अर-रुझ्झ. साखरेला आसूकार, म्हणजे आपली शक्कर. तेलाला आसेइते आणि जैतूनच्या फळाला आसेइतूना. केशराला आसाफ्रान, आपले जाफरान. संत्र्याला नारांखा, अरबी-फारसीतून गेलेली आपली नारंगी. हे तर आम्हा वऱ्हाडच्या लोकांनी ओळखायलाच हवे. इसवी 711 ते 1492 अशी जवळपास आठशे वर्षे स्पेनमध्ये मुस्लिम राजवटी होत्या, त्या अंदलुसची ही शिल्लक. स्पॅनिश जिभेवर बसून ती समुद्रापार मेक्सिकोत पोहोचली. सहकाऱ्याची आई दर दोन वाक्यांनंतर “ओखाला” म्हणत होती. नातीचे लग्न व्हावे, ओखाला. पाऊस पडावा, ओखाला. मुलाने सांगितले, हा शब्द ‘अल्लाहने इच्छिले तर’ अशा अर्थाच्या अरबी बोलातून आलेला आहे. मी त्या बाईंकडे पाहून “इन्शाअल्लाह” म्हटले. त्यांनी माझा हात दाबला. त्यांना अर्थ कळला की नाही, देव जाणे. सूर कळला असावा.

तिखटाचाही उल्लेख करायला हवा. युकातानमध्ये आबानेरो नावाची छोटी, फुगीर, नारिंगी मिरची असते. तिच्या चटणीच्या माया भाषेतल्या नावाचा अर्थ ‘कुत्र्याचे नाक’. खाणाऱ्याचे नाक तसे ओलेगच्च होते म्हणून. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली हिरवी मिरची पाट्यावर रगडून खाणाऱ्या माणसाला काय भीती, अशा थाटात यांनी चमचाभर घेतली. नंतरची दहा मिनिटे ते फारसे बोलले नाहीत. अर्थात मिरची मूळची तिकडचीच. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. ठेच्यावाचून जेवण न होणारा आपला वऱ्हाड त्याआधी मिऱ्यांवरच भागवत असणार.

आणि याच मिरचीच्या गडबडीत ती गोष्ट बाहेर आली. पाण्याचा तिसरा पेला रिकामा करून हे म्हणाले की असली चटणी आपल्या बकऱ्याच्या रश्श्यात घातली पाहिजे, आणि आमचा हा पोरगा तर त्या रश्श्याची हंडी एकटा संपवायचा. खामगावच्या मुलाने भाबडेपणाने त्याचे भाषांतर करून टाकले.

सहकारी मुलाकडे पाहत राहिला. “तू तर शाकाहारी आहेस ना?”

टेबलावर शांतता. मुलाने चमचा खाली ठेवला आणि सांगितले. आमच्यात जनावर अल्लाहचे नाव घेऊन, ठरलेल्या पद्धतीने जिबह केलेले असावे लागते. दुकानात मिळणारे ते तसे नसते. दरवेळी हे सगळे सांगण्यापेक्षा शाकाहारी म्हणणे सोपे गेले. सहकाऱ्याचा चेहरा उतरला. रागाने नाही. तो म्हणाला, “पाच वर्षांत माझ्या घरी तू किती वेळा जेवलास. दरवेळी माझी बायको तुझ्यासाठी वेगळा राजमा करायची. तुला वाटलं आम्ही हे समजू शकणार नाही?” मग त्याने आईला सांगितले. आई म्हणाली, त्यात काय एवढे? ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत शुक्रवारी त्यांच्या घरात गोश्त शिजत नाही. तिची आई तर त्या दिवशी कालवणाची पळीसुद्धा वेगळी ठेवायची.

मुलगा काही बोलला नाही. मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. चाळिशीच्या मुलाकडे अशा वेळी आईने पाहू नये.

त्या संध्याकाळी निरोप घेताना सहकाऱ्याने एकच गोष्ट विचारली, तुमच्या गोश्ताच्या दुकानाचा पत्ता काय? मेरिदात रस्त्यावर कीबी विकतात म्हणे. गव्हाचा दलिया आणि खिमा एकत्र मळून तळलेले लांबट गोळे, म्हणजे अरबांचे किब्बे. शंभरेक वर्षांपूर्वी लेबनॉनकडून बरीच कुटुंबे युकातानला येऊन राहिली, त्यांची ही देणगी. मेक्सिकोच्या पुएब्ला शहरात अशाच लोकांनी उभ्या सळईवर फिरणारा शवर्मा नेला. बहुतेक जण ख्रिस्ती होते. पुढे त्या सळईवर मेंढीच्या जागी डुकराचे मांस चढले आणि ‘आल पास्तोर’ नावाचा टाको जगभर गाजला. दिसायला अगदी आपला शवर्मा, आपल्याला मात्र हराम. मेनूकार्डावर चित्र पाहून कोणाची फसगत होऊ नये म्हणून हे लिहून ठेवते.

उलट दिशेची गोष्टही आहे. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत कोणीतरी भीती घातली होती की मेक्सिकन लोकांना आवरले नाही तर प्रत्येक कोपऱ्यावर टाकोची गाडी उभी राहील. दुसऱ्या वर्षी रमजानमध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आनाच्या मशिदीसमोर खरोखरच टाकोची गाडी उभी राहिली, हलाल गोश्ताची, आणि इफ्तारला मेक्सिकन शेजारी आणि नमाजी एका रांगेत उभे राहिले. ‘प्रत्येक मशिदीपाशी टाकोची गाडी’ असेच त्या उपक्रमाचे नाव.

पुढच्या रविवारी सहकाऱ्याचे सगळे कुटुंब शुगर लँडला मुलाच्या घरी आले. गोश्त त्याने स्वतः जबीहाच्या दुकानातून आणले, पावती सुनेच्या हातात दिली. त्याच्या आईने कीबी केले. मी ज्वारीची भाकर थापली. ज्वारीचे पीठ आता तिथेही मिळते, जरा शिळे असते. त्या बाई माझे हात पाहत होत्या. मग त्यांनी त्यांची मक्याची रोटी कशी होते ते सांगितले, आणि मला त्या दिवसाचा खरा नजराणा मिळाला.

आपण मका दळतो आणि भाकर करू जातो. ती थापताना फाटते. त्या लोकांची युक्ती अशी : वाळलेला मका चुना घातलेल्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा की टरफले सुटतात, आणि मग ओलाच वाटायचा. अशा पिठाला चिकटपणा येतो. शिवाय मक्यातले एक जीवनसत्त्व, नायसिन, चुन्याने मोकळे होऊन अंगी लागते. मका युरोपात गेला, चुन्याची रीत गेली नाही. इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग होत राहिला. हजारो वर्षे मका खाणाऱ्या मेक्सिकोच्या बायकांच्या हातात त्याचा इलाज होता. आमच्या मोताळा-मलकापूरकडे मक्याचे ढीग लागतात, ट्रक भरभरून कोंबड्यांच्या खाद्याला जातात. माणसे खातात ती कणसे, पावसाळ्यात, भाजून.

चिखलीला परत आल्यावर मी ते करून पाहिले. किलोभर वाळला मका, पानाला लावतो तो खाण्याचा चुना साधारण दहा ग्रॅम. वास थेट त्या हॉटेलातला आला. मिक्सरने हार मानली, मोटर तापली. मग माळ्यावरचा पाटा-वरवंटा खाली काढला आणि शेजारच्या खालाजान आणि मी आलटून पालटून वाटत बसलो. पहिल्या चार रोट्या तव्याला चिकटल्या. पाचवी सुटली, सातवी टम्म फुगली. यांनी ती मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली. खालाजाननी चव घेतली, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, “चांगली आहे. पण बीबी, मका कोंबड्यांचा आणि चुना पानाचा. घरात मेहमान येतील तेव्हा त्यांना आधी सांगू नकोस.” त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. ऑफिसात जेवण मागवणार होते आणि कोणीतरी फिरून सगळ्यांना विचारत होते, काय चालते, काय नाही. मी विचारले, तू काय सांगितलेस? म्हणाला, “हलाल सांगितलं. दोघं आणखी निघाले, अम्मी. एक सेनेगलचा, एक बोस्नियाचा. तेही शाकाहारी म्हणूनच बसले होते.”